आठ तासांचे शहर

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचे जहाज क्रोएशियातील ग्रूझ बंदराला लागले, तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. सायंकाळी पाचच्या आत प्रत्येक प्रवाशाने परतले पाहिजे, न परतणाऱ्यासाठी जहाज थांबणार नाही, अशी ताकीद आदल्या रात्रीच केबिनच्या दाराखालून सरकवलेल्या कागदावर छापून आली होती. त्याच कागदाच्या मागल्या बाजूस जहाजातर्फे होणाऱ्या दुब्रोव्हनिक-दर्शनाचा दर होता : माणशी ऐंशी युरो. त्यात वातानुकूलित बस, मार्गदर्शक, छातीवर लावायची क्रमांकाची चकती आणि 'स्थानिक पदार्थांची चव' यांचा समावेश होता. तटबंदीचे तिकीट मात्र नव्हते.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला अशी सफर परवडते कशी, हा प्रश्न वाचकांच्या मनात येण्यापूर्वीच खुलासा केलेला बरा. म्युनिकमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या मेहुण्यांनी आपल्या विवाहाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त ही सात दिवसांची सफर काढली होती आणि आम्हा उभयतांना आग्रहाने बरोबर घेतले होते. जहाजावरचे राहणे-खाणे त्यांच्या खात्यावर असले, तरी किनाऱ्यावरील खर्च आपला आपण करायचा, असा आमच्या सौभाग्यवतींचा दंडक होता. त्या शाळेत गणित शिकवतात. तेव्हा मेहुणे व वहिनी सतरा क्रमांकाची चकती लावून बसमध्ये चढले, आणि आम्ही दोघे बंदराच्या फाटकातून बाहेर पडून रस्त्यावरच्या थांब्यावर शहर बससेवेच्या गाडीची वाट पाहत उभे राहिलो.

ग्रूझपासून जुन्या शहराच्या पिले दरवाजापर्यंतचे अंतर जेमतेम तीन किलोमीटर आहे. एक-अ किंवा एक-ब क्रमांकाची बस दहा-पंधरा मिनिटांत तेथे सोडते आणि तिकीट दोन-अडीच युरोंचे असते. ही माहिती गुप्त नव्हे. थांब्यावरील फलकावर ती लिहिलेली आहे. पण तीन-चार हजार माणसांच्या जहाजावर ती कोणी कोणाला सांगत नाही. त्या बसमध्ये दप्तरे घेतलेली शाळकरी मुले होती, इस्पितळाचा कागद हातात धरलेले एक वृद्ध गृहस्थ होते आणि भाजीच्या करंड्या पायांशी ठेवून बसलेल्या दोन बायका होत्या. दुब्रोव्हनिकमध्ये माणसे राहतात, ही गोष्ट मला प्रथम त्या बसने सांगितली.

जुने शहर म्हणजे १,९४० मीटर लांबीच्या तटाने वेढलेला, समुद्रात घुसलेला एक दगडी पुंजका. रागुसा या नावाने ते मध्ययुगात एक स्वतंत्र गणराज्य होते. त्याच्याजवळ मोठे सैन्य नव्हते आणि सुपीक जमीनही फारशी नव्हती. एका बाजूस व्हेनिस, दुसऱ्या बाजूस तुर्की साम्राज्य. या दोन जात्यांमधून हे राज्य शतकानुशतके न भरडता राहिले ते व्यापाराच्या आणि वाटाघाटीच्या बळावर. तुर्की सुलतानाला वर्षाला साडेबारा हजार सोन्याची नाणी खंडणी द्यायची आणि त्या बदल्यात त्याच्या मुलखात व्यापाराच्या सवलती मिळवायच्या, हा सौदा त्यांनी निमूटपणे पाळला. आपल्याकडे खंडणी हा शब्द नुसत्या नामुष्कीचा वाटतो. रागुसाच्या वणिकांना तो खर्चाच्या बाजूला मांडायचा एक आकडा वाटला असावा. अखेर हे गणराज्य बुडाले ते नेपोलियनच्या फौजांमुळे, १८०८ साली.

'हिशेबात मांडणे' हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना आपण शिकवतो की, द्विनोंदी जमाखर्चाची पद्धत लुका पाचोली याने १४९४ च्या ग्रंथात प्रथम छापली. ते खरेही आहे. परंतु त्यापूर्वी छत्तीस वर्षे, १४५८ मध्ये, रागुसात जन्मलेल्या बेनेदेत्तो कोत्रुल्यी या व्यापाऱ्याने व्यापारावर एक ग्रंथ लिहिला होता आणि त्यातील एका प्रकरणात या पद्धतीचे वर्णन आहे. दुर्दैव इतकेच की तो ग्रंथ छापला गेला १५७३ मध्ये. तोपर्यंत श्रेय पाचोलीच्या नावावर जमा होऊन गेले होते. वीस वर्षे वर्गात पाचोलीचे नाव घेतलेल्या मला, कोत्रुल्यीच्या गावातून चालताना काहीसे ओशाळल्यासारखे झाले.

या शहराने माणसांच्या बाबतीतही काही नोंदी लवकर केल्या. १४१६ मध्ये त्याने गुलामांच्या व्यापाराला बंदी घातली. त्याआधी, १३७७ मध्ये, प्लेगच्या प्रदेशातून येणाऱ्या प्रत्येकाने शहरात शिरण्यापूर्वी जवळच्या बेटावर वा काव्हतात गावी तीस दिवस थांबलेच पाहिजे, असा ठराव त्याच्या महासभेने केला. पुढे व्हेनिसमध्ये तीसाचे चाळीस झाले आणि चाळिसावरून 'क्वारंटाइन' हा शब्द आला. २०२० मध्ये तो शब्द आपल्या खेड्यापाड्यांतील शाळांच्या खोल्यांपर्यंत कसा पोचला, हे येथे सांगायला नकोच. परक्या जहाजावरच्या माणसाला महिनाभर बाहेर थांबवणारे हे शहर आज त्याच माणसाला आठ तासांसाठी आत घेते. १३७७ चा धोका वेगळा होता हे खरे. पण येणाऱ्या जहाजाचे आपण काय करायचे हा प्रश्न तोच आहे.

पिले दरवाजातून आत शिरताच भिंतीवर शहराचा एक नकाशा आहे. १९९१-९२ च्या वेढ्यात कोठे तोफगोळे पडले, कोणती घरे जळाली आणि कोणती छपरे कोसळली, ते त्यावर बारीक खुणांनी दाखवले आहे. ऑक्टोबर १९९१ मध्ये युगोस्लाव्ह सैन्याने शहराला वेढा घातला, आणि ६ डिसेंबरचा भडिमार सर्वांत भयंकर होता. १९७९ पासून जागतिक वारसा म्हणून नोंदल्या गेलेल्या या शहरातील ८२४ इमारतींपैकी ५६३ इमारतींना तेव्हा गोळे लागले. चकत्या लावलेले जथे त्या नकाशासमोरून सरळ पुढे जात होते, कारण त्यांचे मार्गदर्शक पुढे जात होते. आम्ही तेथे वीस मिनिटे उभे राहिलो. मग गल्लीच्या पायऱ्या चढून वर गेल्यावर त्या नकाशाचा अर्थ छपरांवर दिसू लागला. जुनी कौले फिकट, पिवळसर झालेली, नवी लालभडक. जिथे लाल तिथे गोळा पडला होता, एवढे सूत्र ध्यानात ठेवले की त्या छपरांवरून युद्धाचा इतिहास वाचता येतो. गंमत अशी की, छायाचित्रांत सगळ्यांना आवडतो तो लाल रंगच.

तटावर जाण्याचे तिकीट माणशी चाळीस युरो निघाले. दोघांचे ऐंशी, म्हणजे आठ हजार रुपयांच्या घरात. "भिंती बाहेरूनही दिसतात," असे म्हणून सौभाग्यवतींनी तो विषय मिटवला. मला ते खुपले, हे कबूल करतो. पण त्यामुळे वाचलेला वेळ गल्ल्यांना मिळाला. स्त्रादुन हा शहराचा मध्यवर्ती रस्ता, लांबी तीनशे मीटर असेल-नसेल. १६६७ च्या भूकंपानंतर त्याच्या दोन्ही बाजूंची घरे एकसारख्या नमुन्याने बांधली गेली. तळमजल्यावर दुकान, आणि दुकानाला एकाच कमानीत दार व खिडकी. खिडकीच्या दगडी कट्ट्यावरूनच माल द्यायचा. ही रचना पाहून आपल्याकडल्या जुन्या पेठांतील फळ्यांच्या दुकानांची आठवण होते. फरक एवढाच की, त्या कट्ट्यांवर आता दूरचित्रवाणीवरील एका गाजलेल्या मालिकेतल्या तलवारी आणि मुकुट विकायला आहेत. त्या मालिकेचे चित्रीकरण येथे झाले. ज्या शहराला स्वतःचे साडेचारशे वर्षांचे गणराज्य आहे, त्याला एका काल्पनिक राजाची राजधानी म्हणून लोक पाहायला येतात!

गुंदुलिच या कवीच्या पुतळ्याभोवतीच्या चौकात सकाळचा बाजार भरतो. सुकी अंजिरे, साखरेत पाकवलेल्या संत्र्याच्या साली, लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या आणि नेरेत्व्हा नदीच्या खोऱ्यातली हिरवट-केशरी संत्री. अंजिरे विकणारी बाई सत्तरीची असावी. तिला इंग्रजी मोडकेतोडके येत होते आणि आमच्या सौभाग्यवतींना भाव करायचा होता. त्या दोघींचे पाच मिनिटांत जमले. भाव काही कमी झाला नाही, पण बाईने एक लाकडी खोका उलटा करून आम्हाला बसायला दिला. तिचे घर तटाच्या आत, वरच्या गल्लीत. "आहे, अजून माझेच आहे," असे ती म्हणाली. राहते मात्र ती मोकोशित्सा या उपनगरात, मुलाकडे, आणि आम्ही ज्या बसने आलो त्याच बसने रोज बाजारात येते. घर तिने पर्यटकांना दिले आहे. उन्हाळ्याच्या चार महिन्यांचे भाडे तिच्या वर्षभराच्या निवृत्तिवेतनाहून जास्त होते. वेढ्यात ते घर सोडले नव्हते का, असे मी विचारले. "तेव्हा नाही सोडले," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

ती बाई सांगत होती त्याची सार्वजनिक बेरीज उपलब्ध आहे. १९९१ मध्ये या तटांच्या आत सुमारे पाच हजार माणसे राहत होती. आज ती हजार-दीड हजारांवर आली आहेत. तोफखान्याने जी माणसे हलली नाहीत ती भाड्याच्या दराने हलली. आणि येथे अर्थशास्त्राच्या माणसाची पंचाईत होते. कारण त्या बाईवर कोणी जुलूम केला नाही. तिने दोन आकडे शेजारी-शेजारी मांडले आणि मोठा निवडला. माझ्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत असेच लिहिले असते तर मी त्याला पूर्ण गुण दिले असते. परंतु शेजारच्या घरानेही तेच केले, त्याच्या शेजारच्यानेही. मग वाण्याचे दुकान गेले, मग चांभार गेला, आणि मागे राहिलेल्याला दूध आणायलाही तटाबाहेर जावे लागू लागले. प्रत्येकाचा हिशेब बरोबर आणि सगळ्यांचा मिळून चुकीचा, अशी उदाहरणे आपण पाठ्यपुस्तकात सामायिक कुरणाच्या रूपाने शिकवतो. येथे कुरणाच्या जागी शहर आहे.

तटाच्या पश्चिमेस, वेगळ्या कड्यावर लोव्हरियेनाच हा किल्ला आहे. त्याच्या दारावर लॅटिन अक्षरांत कोरले आहे की, जगातील सगळ्या सोन्याच्या मोबदल्यातही स्वातंत्र्य विकणे बरे नव्हे. आम्ही पायऱ्या चढून तेवढे वाचून परत आलो. आत जायला तिकीट होते. राज्यप्रमुखाच्या प्रासादात, महासभेच्या दारावरही असेच एक वचन आहे : खासगी विसरा, सार्वजनिक सांभाळा. तो राज्यप्रमुख एका महिन्यासाठी निवडला जाई आणि त्या महिन्यात राजकार्याखेरीज त्याला प्रासादाबाहेर पडण्याची मुभा नसे. सत्तेची इतकी धास्ती घेतलेले राज्य मी दुसरे ऐकले नाही.

आता जहाजांचे. जहाजाने येणारा प्रवासी अर्थव्यवहाराच्या दृष्टीने एक विचित्र प्राणी असतो. त्याचे अंथरूण जहाजावर, तिन्ही वेळचे जेवण जहाजावर आणि त्या सगळ्याचे पैसे आधीच भरलेले. बाहेर खाल्ले तर ते दुप्पट दिल्यासारखे वाटते; म्हणून तो शहरात येतो, पाहतो, पाणी पितो, आइस्क्रीम खातो आणि जेवायला परत जातो. जहाज बहुधा पनामा, बहामा किंवा माल्टाच्या निशाणाखाली नोंदलेले. शहराच्या वाट्याला बंदराचे शुल्क, काही तिकिटे, काही तलवारी. उलट गर्दीचा सगळा भार शहरावर. कारण तीन जहाजांची माणसे एकाच सकाळी, दहा ते एक या वेळात, त्याच एका दरवाजातून आत शिरतात. दिवसभरात एकूण किती आले याला फार अर्थ नाही. एका तासात किती आले, हा खरा आकडा.

दुब्रोव्हनिकच्या नगरपालिकेने हे ओळखले, याचे श्रेय तिला दिले पाहिजे. वारसास्थळ म्हणून असलेल्या दर्जालाच धोका आहे, अशी चिंता युनेस्कोने व्यक्त केल्यावर २०१७ पासून तिने आवराआवर सुरू केली आणि २०१९ मध्ये जहाज कंपन्यांच्या संघटनेशी करार करून एका वेळी दोनच जहाजे आणि चार हजारच प्रवासी, अशी मर्यादा आणली. इटलीच्या सरकारने २०२१ मध्ये व्हेनिसच्या ज्युदेका कालव्यात मोठ्या जहाजांना बंदी केली. आपले गिऱ्हाईक आपणच मोजून घेणे हे बाजारपेठेच्या सवयीविरुद्ध आहे. पण ज्याने माल सांभाळला नाही त्याचे दुकान किती दिवस चालणार?

आम्ही वेगळे हिंडलो म्हणून या गर्दीत नव्हतो, असा आव मी आणणार नाही. त्या चार हजारांत आम्ही दोघे होतोच. फरक पडला तो पैसा कोणाच्या हाती गेला यात, आणि थोडासा वेळेत. बस, कॉफी, दोन बुरेक, अंजिरे, संत्री आणि १३१७ पासून औषधे देणाऱ्या फ्रान्सिस्कन मठाच्या औषधालयाचे तिकीट, असा आमचा दोघांचा खर्च पन्नास युरोंच्या आत राहिला आणि तो जवळजवळ सगळा त्या शहरातच उतरला. मेहुण्यांच्या एकशे साठ युरोंपैकी दुब्रोव्हनिकमध्ये किती राहिले, हे जहाजाच्या कागदावर लिहिलेले नव्हते. रात्री जेवताना वहिनींनी विचारले, "तुम्ही तो नकाशा पाहिलात? आम्हाला तो दिसलाच नाही." त्यांचा मार्गदर्शक वाईट नव्हता. त्याला चाळीस माणसे तीन तासांत बसवर परत आणायची होती, इतकेच.

या शहराचा आपल्या बाजूशीही एक धागा आहे. दुब्रोव्हनिकचा रक्षणकर्ता संत ब्लेझ. तटावर, दरवाजांवर जागोजाग त्याची मूर्ती हातात शहराची छोटी प्रतिकृती घेऊन उभी आहे. जुन्या गोव्यानजीक गवंडाळी येथे याच संताचे एक लहानसे चर्च आहे आणि सोळाव्या शतकात गोव्याला आलेल्या रागुसी व्यापाऱ्यांशी त्याचा संबंध जोडला जातो. गोव्याला उतरलेल्या जहाजांचे प्रवासी मुरगावहून जुन्या गोव्याच्या दोन मोठ्या चर्चना नेऊन आणले जातात. गवंडाळी तेथून किती जवळ आहे, हे त्यांना कोण सांगणार?

प्रश्न केवळ गोव्याचा नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये सागरी पर्यटनाची मोहीम जाहीर केली आणि २०२५ मध्ये मुंबईच्या इंदिरा गोदीतील नव्या आंतरराष्ट्रीय जहाज-प्रवासी टर्मिनलचे उद्घाटन झाले. प्रवासी वाढवण्याची उद्दिष्टे मोठी आहेत. जहाजातून उतरणाऱ्या माणसाला बॅलार्ड पियरपासून बोरीबंदरचे स्थानक, फोर्टमधल्या गॉथिक इमारती आणि ओव्हलच्या पलीकडची 'आर्ट डेको' घरे, ही दोन जागतिक वारसास्थळे पायी गाठता येतात. असे भाग्य फार थोड्या बंदरांचे असते. पण फाटकाबाहेर बेस्टच्या बसचा क्रमांक आणि भाडे लिहिलेला एक फलक, चालता येईल असा पदपथ आणि इराण्याच्या हॉटेलाची दिशा दाखवणारा एक बाण, एवढे जर नसेल, तर तो माणूस चकती लावून वातानुकूलित गाडीत बसेल आणि गेटवेला छायाचित्र काढून परत जाईल. एवढ्या मोठ्या खर्चाच्या शेवटी दहा रुपयांच्या तिकिटाची माहिती द्यायची राहून जाते, असे आपल्याकडे पुष्कळदा घडते.

पाचला दहा मिनिटे असताना आम्ही जहाजावर चढलो. आमची केबिन आवरणारा तरुण वेंगुर्ल्याचा होता. पहिल्याच दिवशी आमचे आडनाव वाचून तो मराठीत बोलला होता आणि तेव्हापासून सौभाग्यवतींना 'बाई' म्हणू लागला होता. तो टॉवेल बदलायला आला तेव्हा मी सहज विचारले, "तुम्ही कितीदा आलात इथे?"

"मोजले नाहीत, सर. हा तिसरा करार. वीसेक वेळा तरी जहाज लागले असेल."

"मग शहर पाठच असेल."

तो हसला. "आत नाही गेलो कधी. सुटी मिळते, नाही असे नाही. पण दोन तास. बंदराच्या बाहेर फुकट वायफाय आहे, तिथे सगळे बसतो. आज मुलीने आकाशकंदील दाखवला. आजोबांनी बनवलाय."

नाविकांना किनाऱ्यावर जाण्याची रजा मिळाली पाहिजे, असे २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराने लिहून ठेवले आहे आणि भारताने २०१५ मध्ये त्यास मान्यता दिली. आठवड्याला बहात्तर तासांची कमाल मर्यादाही त्यात आहे. मी त्याला ते काही सांगितले नाही. त्याने भ्रमणध्वनीवरची आमची छायाचित्रे पाहायला मागितली. तो उभ्याउभ्याच पाहत होता, एका हातावर टॉवेल तसेच. नकाशा, लाल कौले, दुकानांच्या कमानी. समुद्राकडे उतरणाऱ्या एका अरुंद जिन्यापाशी तो थांबला आणि म्हणाला, "हा आमच्या बंदरावरच्या पायऱ्यांसारखा दिसतो."

सौभाग्यवतींनी अंजिरांची पुडी पुढे केली. त्याने दोन घेतली. एक तोंडात टाकले आणि दुसरे कागदी रुमालात गुंडाळून खिशात ठेवले. खाली धुलाईखान्यात कुडाळचा एक मुलगा आहे, त्याच्यासाठी. मग बाहेर जहाजाचा भोंगा वाजला आणि तो पुढच्या केबिनकडे गेला.